एकाचं दुखणं, दुसऱ्याची पाळी : दुबई, सप्टेंबर २०१८

१९ सप्टेंबर २०१८ च्या भारत-पाकिस्तान सामन्याचा धावफलक आज उघडला, तर भारतीय गोलंदाजांच्या यादीतल्या दोन ओळी खटकतात. हार्दिक पंड्या : ४.५ षटकं, २४ धावा. अंबाती रायुडू : ०.१ षटक. एकाच षटकाचे पाच चेंडू एकाने टाकलेले, सहावा दुसऱ्याने. दुखापत झाली असं धावफलक शब्दांत सांगत नाही. ती अशी अपूर्णांकात लपलेली असते आणि माहीतगाराने ती ओळखायची असते.

त्या वर्षीच्या आशिया चषकात अशा खुणा जागोजागी सापडतात. भारताने बांगलादेशला शेवटच्या चेंडूवर हरवून चषक सातव्यांदा जिंकला, एवढं सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या पंधरवड्याचा खरा इतिहास मनगटं, पाठी, बोटं आणि मांडीचे स्नायू यांचा आहे. कोणाचं काय दुखावलं आणि त्याच्या रिकाम्या जागी कोण उभं राहिलं, हे पाहत गेलं तर सगळी स्पर्धा वेगळीच दिसू लागते.

स्पर्धा मुळात भारतात व्हायची होती. पाकिस्तानचा संघ भारतात खेळेल अशी राजकीय हवा नव्हती, म्हणून ती संयुक्त अरब अमिरातीत नेली गेली. एका अर्थाने ते माहेरी परतणंच होतं. पहिला आशिया चषक १९८४ च्या एप्रिलमध्ये शारजातच खेळला गेला होता आणि सुनील गावसकरच्या संघाने तो जिंकला होता. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८१ मध्ये, अब्दुल रहमान बुखातिर या अरब उद्योगपतीने गावसकर आणि जावेद मियांदाद यांच्या नावाच्या दोन संघांचा सामना शारजात भरवला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या स्पर्धांमागचा एक घोषित हेतू होता जुन्या, निवृत्त खेळाडूंना आर्थिक हात देण्याचा. खेळाडूचं शरीर लवकर थकतं आणि त्यानंतर कमाई थांबते, याची जाणीव वाळवंटातल्या क्रिकेटच्या पायाशीच होती.

२०१८ पर्यंत शारजाची जागा दुबई आणि अबू धाबीने घेतली होती. सहा संघ, १३ सामने, १५ ते २८ सप्टेंबर. सामने स्थानिक वेळेनुसार दुपारी साडेतीनला सुरू होत. सप्टेंबरात तिथला पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि सूर्य मावळल्यावरही घामाची चिकचिक जात नाही. पहिल्या डावात क्षेत्ररक्षण करणाऱ्याला साडेतीन तासांतले बरेचसे तास उन्हातच काढावे लागत. त्यात भारताच्या वाट्याला १८ आणि १९ सप्टेंबर असे सलग दोन दिवस सामने आले होते. आठवडाभर आधी, ११ सप्टेंबरला, ओव्हलवर इंग्लंडविरुद्धची शेवटची कसोटी संपली होती. विराट कोहलीला विश्रांती दिली होती आणि कप्तानी रोहित शर्माकडे आली होती. बाकीच्यांपैकी काही जण इंग्लंडच्या स्वेटरमधून थेट दुबईच्या भट्टीत उतरले होते.

पहिलीच ठिणगी पहिल्याच सामन्यात पडली, तीही भारतापासून लांब. १५ सप्टेंबरला दुबईत बांगलादेश आणि श्रीलंका समोरासमोर होते. लसिथ मलिंगाने पहिल्याच षटकात दोन बळी घेतले. दुसऱ्या षटकात सुरंगा लकमलचा उसळता चेंडू तमीम इक्बालच्या डाव्या हातावर बसला. तमीम मैदान सोडून थेट इस्पितळात गेला आणि मनगटाजवळचं हाड मोडल्याचं निदान झालं. इकडे मुशफिकुर रहीम एक बाजू लावून धरत होता. त्याचीही बरगडी दुखत होती. ४७ व्या षटकात नववा गडी बाद झाला तेव्हा धावा होत्या २२९. डाव संपला असंच सगळ्यांनी धरलं होतं. श्रीलंकेचे खेळाडू तंबूकडे वळण्याच्या बेतात असताना तमीम बॅट घेऊन पायऱ्या उतरला. प्लास्टर आत मावावं म्हणून ग्लव्ह कापलेला होता. समोर पुन्हा लकमलच होता. तमीमने डावा हात पाठीमागे घेतला, उजव्या हाताने बॅट धरून एक चेंडू अडवला आणि त्यानंतर तो फक्त दुसऱ्या टोकाला उभा राहिला. मुशफिकुरने त्या जोडीत ३२ धावांची भर घातली आणि त्यातली प्रत्येक धाव एकट्याने काढली. त्याच्या १४४, संघाच्या २६१. श्रीलंका १२४ वर कोसळली.

तमीमच्या नावापुढे ४ चेंडूंत नाबाद २ अशी नोंद राहिली. त्या धैर्याचं कौतुक जगभर झालं आणि ते रास्तच होतं. पण धैर्य दाखवण्याची वेळ त्याच्यावर का आली, याचं उत्तर क्रिकेटच्या नियमांत आहे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये राखीव खेळाडू बाकावर तयार बसलेले असतात आणि एक दुखावला की दुसरा लगेच आत जातो. क्रिकेटमध्ये बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, पण त्याला बॅट हातात घेता येत नाही की गोलंदाजी करता येत नाही. जखमी फलंदाजासाठी पळणारा रनर पूर्वी मिळायचा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २०११ मध्ये तोही बंद केला. म्हणजे जखमी फलंदाजापुढे दोनच वाटा उरतात. एक तर संघाला एक गडी कमी समजून खेळू द्यायचं, नाही तर दुखरं शरीर घेऊन स्वतः पळायचं. डोक्याला मार लागल्यास पूर्ण बदली खेळाडू देण्याची सोय २०१९ मध्ये आली. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला आणि तिथूनच त्याची कारकीर्द उभी राहिली. मोडलेल्या हातासाठी किंवा फाटलेल्या स्नायूसाठी मात्र २०१८ मध्ये असली सोय नव्हती.

१८ तारखेला भारताने हाँगकाँगला हरवलं, पण दमछाक होऊन. शिखर धवनच्या १२७ धावांच्या जोरावर २८५ करूनही हाँगकाँगच्या सलामीच्या जोडीने १७४ धावा ठोकल्या आणि विजय अवघ्या २६ धावांनी हाती आला. त्या सामन्यात पालघरच्या शार्दूल ठाकूरने चार षटकं टाकली. त्याच्या कंबरेच्या आणि जांघेच्या स्नायूंनी तक्रार सुरू केली.

दुसऱ्या दिवशी पाकिस्तान. हार्दिक पंड्या ताजा होता. आदल्या दिवशी त्याला बसवलं होतं. पाकिस्तानच्या डावाच्या १८ व्या षटकात, स्वतःच्या पाचव्या षटकाचा पाचवा चेंडू टाकून तो पाठ धरून जमिनीवर आडवा झाला. उठता येईना. स्ट्रेचर आणावं लागलं. वेगवान गोलंदाजाच्या पाठीचं गणित क्रूर असतं. धावत येऊन पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार कंबरेच्या मणक्यांवर येतो, त्याच क्षणी पाठ मागे आणि बाजूला वाकलेली असते आणि हे एका सामन्यात पन्नास-साठ वेळा घडतं. स्नायू थकले की तो भार हाडं आणि सांधे झेलतात. हार्दिक तेव्हा २४ वर्षांचा होता.

रायुडूने उरलेला एक चेंडू टाकला. पण हार्दिकच्या कोट्यातली पाचेक षटकं अजून कोणी तरी टाकायची होती. ती आणि त्याहून जास्त षटकं टाकली पुण्याच्या केदार जाधवने. केदार काही गोलंदाज म्हणून संघात आलेला नव्हता. बुटका बांधा, गुडघ्यात वाकून कमरेच्या उंचीवरून सोडलेला चेंडू, वेग जवळपास नाहीच. पण तो चेंडू उसळत नसे आणि फलंदाजाला त्याच्याखाली बॅट घालायला जागा मिळत नसे. त्या दिवशी त्याने ९ षटकांत २३ धावा देऊन तिघांना बाद केलं : सर्फराज अहमद, आसिफ अली, शादाब खान. सर्फराजचा सीमारेषेवरचा झेल घेतला मनीष पांडेने, आणि तो मैदानावर होता हार्दिकचा बदली म्हणून. पाकिस्तान १६२ वर संपला. भारताने आठ गडी राखून सामना जिंकला.

त्याच सामन्यात बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरलेल्या अक्षर पटेलच्या डाव्या तर्जनीला दुखापत झाली. दुसऱ्या दिवशी क्रिकेट मंडळाने एकाच पत्रकात तीन नावं खोडली आणि तीन लिहिली. हार्दिकच्या जागी दीपक चहर, शार्दूलच्या जागी सिद्धार्थ कौल आणि अक्षरच्या जागी रवींद्र जडेजा. जडेजा जुलै २०१७ नंतर एकही एकदिवसीय सामना खेळला नव्हता. मनगटाने चेंडू वळवणाऱ्या कुलदीप यादव आणि युझवेंद्र चहल या जोडीने त्याची जागा घेतली होती आणि तो बहुधा आता कसोटीपुरताच उरला, असं बोललं जात होतं. २१ सप्टेंबरला बांगलादेशविरुद्ध उतरून त्याने २९ धावांत चार बळी घेतले. अक्षरचं बोट दुखावलं नसतं, तर ही संधी त्याला केव्हा मिळाली असती कोण जाणे.

बांगलादेशच्या तंबूतही हाच खेळ चालू होता. तमीम मायदेशी परतला होता. शाकिब अल हसनचं डाव्या हाताचं बोट जानेवारीपासून दुखत होतं. सुजलेल्या बोटाने तो खेळत राहिला, पण २६ सप्टेंबरच्या पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी त्याला थांबावं लागलं. ढाक्याला पोहोचल्यावर जंतुसंसर्ग झालेल्या बोटातून पू काढावा लागला. दोन आधारस्तंभ नसताना बांगलादेशने पाकिस्तानला ३७ धावांनी हरवून अंतिम फेरी गाठली. सलामीची जोडी जमत नव्हती, म्हणून अंतिम सामन्यात त्यांनी खालच्या क्रमांकावर खेळणाऱ्या मेहदी हसन मिराझला लिट्टन दासबरोबर पाठवलं. अडचणीतून काढलेल्या या तोडग्याने १२० धावांची सलामी दिली.

ती जोडी फोडली पुन्हा केदारनेच. मेहदीचा झेल रायुडूने घेतला. पुढे मुशफिकुरही केदारच्याच चेंडूवर बाद झाला. लिट्टनच्या १२१ धावा होऊनही बांगलादेश २२२ वर आटोपला. २२३ ही धावसंख्या भारताच्या आवाक्यातली होती, पण खेळपट्टी संथ होती आणि चेंडू बॅटवर येत नव्हता. रोहित ४८ वर गेला, दिनेश कार्तिक ३७ वर, धोनी ३६ वर. ५ बाद १६० झाल्यावर सगळी भिस्त केदारवर आली. आणि १६७ वर त्याची मांडी धरली. हॅमस्ट्रिंग.

हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, ७ एप्रिलला, वानखेडेवर आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात चेन्नईकडून खेळताना त्याचा हाच स्नायू दगा देऊन गेला होता. तेव्हाही तो लंगडत बाहेर गेला होता आणि नववा गडी बाद झाल्यावर परत आला होता. शेवटच्या षटकात मुंबई इंडियन्सविरुद्ध ७ धावा हव्या होत्या. पळता येत नसल्याने एकेरी धावेचा प्रश्नच नव्हता. पहिले तीन चेंडू कोरडे गेले, चौथ्यावर षटकार, पाचव्यावर चौकार. गोलंदाज होता मुस्तफिजुर रहमान. चेन्नई जिंकली, केदारचा आयपीएल हंगाम तिथेच संपला आणि इंग्लंडचा दौराही हुकला. दुबईतली ही स्पर्धा म्हणजे त्याचं पुनरागमन होतं. हॅमस्ट्रिंगचा स्वभावच असा की एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते. भरून आलेल्या जागेला मूळची लवचीकता येत नाही.

केदार बाहेर गेल्यावर जडेजा आणि भुवनेश्वर कुमार यांनी शांतपणे ४५ धावा जोडल्या. आठवड्यापूर्वी बदली म्हणून आलेला जडेजा अंतिम सामना वाचवत होता. २१२ वर तो बाद झाला आणि केदार पुन्हा मैदानात उतरला, या वेळी चालतही कसाबसा. ४९ वं षटक टाकायला आला तोच मुस्तफिजुर. पहिल्याच चेंडूवर भुवनेश्वर गेला आणि अख्ख्या षटकात तीनच धावा निघाल्या. शेवटच्या सहा चेंडूंत ६ हव्या होत्या, चेंडू महमुदुल्लाच्या हाती होता. एक, एक, दोन, शून्य, एक. धावसंख्या बरोबरीत. शेवटचा चेंडू केदारच्या पॅडला लागून लेगच्या बाजूला गेला आणि लेगबायची एक धाव पूर्ण झाली. वानखेडेवर त्याने न पळता सामना जिंकवला होता. इथे जिंकायला पळावंच लागलं. केदार नाबाद २३.

इतिहास इथेच थांबवला तर तो शौर्याची गोष्ट होतो. पुढचं पान उघडलं की त्या पंधरवड्याने कोणाकडून काय वसूल केलं, ते दिसतं.

शार्दूलने १२ ऑक्टोबरला हैदराबादला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी पदार्पण केलं आणि दहा चेंडूंनंतर जांघ धरून तो मैदानाबाहेर गेला. वेगवान माऱ्याचं सगळं ओझं विदर्भाच्या उमेश यादववर पडलं आणि उमेशने त्या कसोटीत १० बळी घेतले. शार्दूलला दुसरी कसोटी मिळायला जानेवारी २०२१ उजाडावा लागला. तीही मिळाली, कारण ब्रिस्बेनला पोहोचेपर्यंत बुमरा, अश्विन, जडेजा सगळे जायबंदी झाले होते आणि उमेशही मेलबर्नला पोटरी दुखावून परतला होता. त्या कसोटीत पालघरच्या या पोराने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा केल्या.

हार्दिकच्या पाठीने सहज सोडलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर बराच काळ तो फक्त फलंदाज म्हणून खेळला. २०२१ च्या टी-२० विश्वचषकातले भारताचे सामनेही अमिरातीतच झाले. तिथे त्याने जेमतेम गोलंदाजी केली आणि अष्टपैलू म्हणून त्याला का निवडलं, यावर वाद रंगले. २८ ऑगस्ट २०२२ ला आशिया चषकातच, त्याच दुबईत, पाकिस्तानविरुद्धच, त्याने २५ धावांत तीन बळी घेतले आणि १७ चेंडूंत नाबाद ३३ करत षटकाराने सामना संपवला. नंतर त्याने स्ट्रेचरवरचा आणि विजयाचा असे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. गंमत अशी की याच स्पर्धेत काही दिवसांनी जडेजाचा गुडघा गेला आणि त्याच्या जागी निवड झाली ती अक्षर पटेलची. चार वर्षांपूर्वीचा हिशोब नेमका उलटा फिरला.

१९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याजवळच्या गहुंजेला विश्वचषकात बांगलादेशच्याच लिट्टन दासचा सरळ फटका पायाने अडवताना हार्दिकचा घोटा मुरगळला. त्याच्या षटकाचे उरलेले तीन चेंडू कोहलीने टाकले. संघाचा तोल बदलावा लागला, त्यात शार्दूलची जागा गेली आणि मोहम्मद शमी आत आला. सात सामन्यांत २४ बळी घेऊन शमी स्पर्धेत अव्वल ठरला. आणि २०२५ चा आशिया चषक? अंतिम सामना पुन्हा दुबईत, पुन्हा २८ सप्टेंबरला. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या दुखापतीने हार्दिक बाहेर होता. स्पर्धेत तोवर एकही सामना न खेळलेला रिंकू सिंग त्या दिवशी संघात आला, एकच चेंडू खेळला आणि विजयी चौकार मारला.

केदारच्या वाट्याला असा लांबलचक उत्तरार्ध आला नाही. दुबईतून परतल्यावर महिन्याभरात वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यांसाठी संघ निवडला गेला, त्यात त्याचं नाव नव्हतं. आपल्याला का वगळलं हे ठाऊक नाही, असं तो उघडपणे बोलला. निवड समितीचे अध्यक्ष एम.एस.के. प्रसाद यांनी उत्तर दिलं ते रोखठोक होतं : केदार याआधीही तंदुरुस्त होऊन आला आणि पुन्हा दुखावला, आशिया चषकातही तेच झालं, म्हणून घाई केली नाही. चाहत्यांनी ज्या लंगडत काढलेल्या धावेसाठी टाळ्या वाजवल्या, तीच निवड समितीच्या कागदावर शंका म्हणून नोंदली गेली होती. दोघांचंही चूक म्हणता येत नाही. त्या रात्री संघाला त्याची गरज होती; पुढच्या वर्षीच्या विश्वचषकासाठी समितीला त्याच्या शरीराचा भरवसा हवा होता.

शेवटच्या दोन सामन्यांसाठी त्याला घेतलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नला त्याच्या नाबाद ६१ धावांनी ऑस्ट्रेलियातली मालिका जिंकून दिली, मार्चमध्ये हैदराबादला नाबाद ८१. मे महिन्यात आयपीएलमध्ये खांदा दुखावला. विश्वचषकाच्या संघात जागा राहिली, पण साखळी फेरीच्या अखेरीस त्याच्या जागी दिनेश कार्तिकला खेळवण्यात आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑकलंडला तो शेवटचा एकदिवसीय सामना खेळला. ३ जून २०२४ ला निवृत्ती जाहीर केली तेव्हा नावावर ७३ सामने, १३८९ धावा, ४२ च्या वरची सरासरी आणि २७ बळी होते.

दुबईत हार्दिक कोसळला तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि केदार ३३ चा. केदारचं एकदिवसीय पदार्पणच मुळी २९ व्या वर्षी झालेलं. महाराष्ट्राकडून २०१३-१४ च्या रणजी हंगामात १२२३ धावा काढल्यावर कुठे निवड समितीचं लक्ष गेलं होतं. वेदना, उपचार आणि परतण्याची जिद्द दोघांचीही सारखीच होती. पण हार्दिकची पाठ बरी होण्याची वाट पाहायला भारतीय क्रिकेटकडे चार वर्षं होती, केदारच्या मांडीसाठी चार महिनेही नव्हते. दुखापतीतून कोण परत येतं, हे डॉक्टर आणि जिद्द जितकं ठरवतात, तितकंच जन्मतारीखही ठरवते. आणि ज्याला संधीच उशिरा मिळाली, त्याला दुखण्याची किंमतही जास्त मोजावी लागते.